बाहेरून आलेली यादी दप्तरात कशी चढते?



गळीत हंगाम जवळ आला, की गट कार्यालयात आणि ऊस-हिशोबाच्या खिडकीवर एक प्रश्न रोज ऐकू येतो : "आमची नोंद चढली का हो?" त्यावर कधी उत्तर मिळते, "चढली." कधी मिळते, "तुमच्या गावाची तुकडी अजून गेली नाही." आणि कधी, "नोंद आली आहे, पण अडली आहे." दुसरे नि तिसरे उत्तर ऐकले, की सभासदाला वाटते, हा सगळा टोलवाटोलवीचा प्रकार आहे. वास्तविक या उत्तरांमागे कामाची एक ठरलेली पद्धत असते. ही 'तुकडी' म्हणजे काय, नोंद 'अडते' म्हणजे नेमकी कोठे अडते, आणि ती सोडवायला सभासदाने काय करायचे, हे सर्वांना उमजावे म्हणून आम्ही हा लेख देत आहोत. संगणकाचे शिक्षण असण्याची मुळीच गरज नाही. ज्याला रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक कळतो, त्याला हे सारे कळेल.

माहिती येते कोठून?

कारखान्याचे दप्तर आता संगणकात आहे. त्याला डेटाबेस म्हणतात. डेटाबेस म्हणजे एकमेकींशी बांधलेल्या वह्यांचे कपाटच समजा. सभासदांची वही वेगळी, ऊस नोंदीची वेगळी, वजन पावत्यांची वेगळी, बँक खात्यांची वेगळी, कपातीची वेगळी. या सगळ्यांना बांधणारी दोरी म्हणजे सभासद क्रमांक. काट्यावर तुमच्या उसाचे वजन झाले, की त्याच क्रमांकावरून नोंद सापडते, कपात सापडते आणि शेवटी बँकेचे खाते सापडते.

आता या वह्यांतली सगळी माहिती कारखान्याच्या आवारात तयार होत नाही. काट्याची पावती आपल्याकडे होते, पण बाकी पुष्कळशी माहिती बाहेरून येते. शेतकी खात्याची माणसे शेतावर जाऊन गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागवडीची तारीख लिहून आणतात. साखर आयुक्तालयाने २०२२ साली 'महा-ऊस नोंदणी' हे मोबाईल ॲप आणले, तेव्हापासून शेतकऱ्याला स्वतः फोनवरून नोंद करण्याचीही वाट मिळाली. गावच्या विविध कार्यकारी सोसायट्या आणि बँका कर्जवसुलीच्या याद्या देतात. बिलाचे पैसे पाठवल्यावर कोणाचे जमा झाले नि कोणाचे परत आले, हे बँक कळवते. तोडणी-वाहतुकीच्या टोळ्यांची यादी आणखी वेगळी.

या याद्या बहुधा एक्सेलच्या किंवा सी.एस.व्ही. नावाच्या फायलीत असतात. सी.एस.व्ही. म्हणजे अगदी साधी गोष्ट. एका सभासदाची माहिती एका ओळीत लिहायची आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम द्यायचा. झाली फाईल. ती कोणत्याही संगणकावर उघडते. अडचण अशी, की जितक्या जागा तितक्या तऱ्हा. कोणी आधी नाव लिहितो, कोणी आधी गाव. कोणी क्षेत्र एकरात देतो, कोणी हेक्टरात. कोणी पत्त्यातच स्वल्पविराम घालून ठेवतो, मग एका रकान्याचे दोन होतात आणि पुढचा सगळा मजकूर एक घर सरकतो. गावाच्या रकान्यात गट नंबर आणि गट नंबराच्या रकान्यात क्षेत्र येऊन बसते.

एकेक, एकदम की तुकडीने?

समजा, अशी ४,३५० ओळींची यादी आली. ती दप्तरात चढवायच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत एकेक ओळ चढवण्याची. हाताने भरायचे म्हटले तर दिवसच्या दिवस जातात, आणि डोळे थकले की आकडे चुकतात. यंत्राकडून एकेक ओळ चढवली तरी ते काम रेंगाळते. कारण प्रत्येक ओळीसाठी संगणक वही उघडतो, ओळ लिहितो, 'ही आता कायम झाली' अशी खूण तबकडीवर करतो आणि वही मिटतो. लिहिण्यापेक्षा उघडमिटीलाच जास्त वेळ लागतो.

दुसरी रीत सगळी यादी एकदम ओतण्याची. ही झटपट वाटते, पण तिच्यात दोन धोके. ४,३४९ ओळी चांगल्या असून एक खराब निघाली, तरी सगळे काम माघारी फिरू शकते. आणि दुसरे म्हणजे, एवढे मोठे लिखाण चालू असताना संगणक त्या वह्या आपल्या ताब्यात धरून ठेवतो. त्याच वेळी काट्यावर ट्रॅक्टर उभा असेल, तर त्याच्या पावतीलाही थांबावे लागते. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. तेव्हा 'रात्री निवांतपणे सगळे ओतू' असे म्हणायलाही आपल्याकडे निवांत वेळ नसतो.

तिसरी रीत तुकडीची. तिला बॅच म्हणतात. ४,३५० ओळींच्या पाचपाचशेच्या तुकड्या केल्या, तर आठ पूर्ण आणि शेवटची साडेतीनशेची, अशा नऊ होतात. एक तुकडी घ्यायची, तपासायची, चढवायची, कायम करायची आणि मग पुढची. दोन तुकड्यांच्या मध्ये काट्याच्या पावत्यांना वाट मिळते.

सभासदांना हे समजायला गव्हाणीचे उदाहरण पुरे आहे. गव्हाणीत मोळ्या बेताबेताने पडल्या, की गाळप सुरळीत चालते. चार ट्रकांचा ऊस एकदम लोटला तर गव्हाण तुंबते, गिरणी थांबते नि सगळा ऊस बाहेर काढत बसावे लागते. एकेक कांडे टाकले तर गिरणी रिकामीच फिरते. तुकडी केवढी असावी याचा नियम तोच, गिरणीला पेलेल आणि अडले तर काढता येईल एवढी.

बँकांचे कामही असेच चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ज्या एन.ई.एफ.टी.ने ऊसबिल खात्यात येते, तिचे व्यवहार एकेक करून पुरे होत नाहीत. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास चालू आहे, आणि दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाच्या ४८ तुकड्यांत तिची देवघेव होते.

कच्ची वही आणि पक्की वही

बाहेरून आलेली यादी सरळ पक्क्या वहीत कधीच उतरवायची नाही, हा पहिला दंडक. जुने दिवाणजी सुद्धा आधी टाचण करीत आणि मगच खतावणीत उतरवीत. संगणकातही तसाच एक कच्चा तक्ता ठेवतात. आलेली फाईल जशीच्या तशी त्यात उतरवून घेतात. तिथे काही बिघडले तरी कोणाच्या बिलाला धक्का लागत नाही. मग त्या कच्च्या तक्त्यावर तपासणी चालते, स्वच्छ ओळी एकीकडे आणि शंकेच्या ओळी दुसरीकडे निवडल्या जातात. स्वच्छ ओळी तेवढ्या तुकडी-तुकडीने पक्क्या वहीत जातात.

शंकेच्या ओळी फेकून द्यायच्या नाहीत. प्रत्येकीपुढे कारण लिहून त्यांची वेगळी यादी होते. 'खाते क्रमांक अपुरा', 'गाव ओळखता येत नाही', 'हा सभासद क्रमांक वहीत नाही', अशी कारणे असतात. खिडकीवर "अडली आहे" असे जे सांगतात, ती नोंद या यादीत असते. ती हरवलेली नसते, कारणासह वाट पाहात असते.

तुकडीची शिस्त

तुकडी चढवताना चार गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, मोजणी. पाठवणाऱ्याने फायलीसोबत ओळींची संख्या आणि बेरीज दिली पाहिजे. समजा, एका तुकडीत ५०० ओळी आणि अंदाजित ऊस १९,२४० टन आहे. तपासणीनंतर ४८८ ओळी चढल्या, त्यांचे १८,७९० टन. अडल्या १२, त्यांचे ४५० टन. चढलेले आणि अडलेले मिळून पुन्हा ५०० आणि १९,२४० आले, तर हिशोब मिटला. हा मेळ बसला नाही, तर एखादी ओळ कोठेतरी गळाली, असे समजून पुढची तुकडी थांबवायची. काही ठिकाणी सभासद क्रमांकांचीही बेरीज घेतात. त्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो, पण एक क्रमांक जरी बदलला तरी ती बदलते आणि चोर सापडतो.

दुसरी, सगळी किंवा काहीच नाही. तुकडी चढत असताना वीज गेली, तर त्या तुकडीतल्या अर्ध्या ओळी चढलेल्या नि अर्ध्या राहिलेल्या, असे होऊ द्यायचे नाही. डेटाबेसमध्ये तशी सोयच असते. तुकडी पुरी झाल्याची खूण झाली नसेल, तर ती तुकडी चढलीच नाही असे धरले जाते. वरच्या उदाहरणात सहाव्या तुकडीत वीज गेली, तर पहिल्या पाच तुकड्यांच्या २,५०० ओळी शाबूत राहतात आणि काम २,५०१ व्या ओळीपासून पुन्हा सुरू होते. यादी एकदम ओतली असती, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागला असता.

तिसरी, तुकडीचा क्रमांक. प्रत्येक फायलीला आणि तुकडीला नंबर द्यायचा, आणि एकदा चढलेला नंबर पुन्हा आला तर संगणकाने तो नाकारायचा. वजन पावतीचा नंबर जसा एकदाच लागतो, तसेच हे. नाहीतर काय होते? 'गेली की नाही कोण जाणे' म्हणून कोणीतरी तीच फाईल पुन्हा चढवतो आणि सोसायटीची एकच कपात दोनदा कापली जाते. सभासदाच्या दृष्टीने याहून वाईट गोष्ट नाही.

चौथी, माग. कोणती ओळ कोणत्या फायलीतून, कोणत्या दिवशी आली, हे तिच्यासोबत लिहून ठेवायचे. सहा महिन्यांनी तक्रार आली तरी मूळ कागदापर्यंत जाता आले पाहिजे.

ओरडणाऱ्या चुका आणि मुक्या चुका

चुका दोन जातीच्या असतात. काही ओरडतात. क्षेत्राच्या रकान्यात अक्षरे आली, की संगणक लगेच ओळ अडवतो. त्या चुकांची भीती नाही. भीती आहे मुक्या चुकांची. दिसायला सगळे ठीक, संगणक खुशाल स्वीकारतो, आणि नुकसान मात्र शेतावर दिसते. सभासदांनी यातल्या काही ओळखून ठेवाव्यात.

क्षेत्र घ्या. यादीत नुसते '१.२०' लिहिले आहे. कोणी म्हणेल, एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. दुसरा म्हणेल, एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. तिसरा दशांश धरून म्हणेल, एक एकर आठ गुंठे, कारण एकराचे गुंठे चाळीस. आकडा एकच, शेते तीन! एकरी ४० टन धरले, तर पहिल्याच्या हिशोबाने ऊस ६० टन आणि दुसऱ्याच्या हिशोबाने १२० टनांच्या घरात. टोळी आणि वाहने कोणत्या अंदाजाने द्यायची? म्हणून क्षेत्राच्या रकान्यापुढे माप लिहिलेच पाहिजे. '१.६०' असा आकडा आला, तर तो एकर-गुंठ्यांत असणे शक्य नाही, एवढे संगणकाला शिकवता येते. पण '१.२०' त्याला ओळखता येत नाही.

तारीख घ्या. ०७/०१ म्हणजे आपल्याकडे ७ जानेवारी. पण संगणक अमेरिकन रीतीवर ठेवलेला असेल, तर तो आधी महिना धरतो नि १ जुलै वाचतो. जानेवारीची लागण म्हणजे सुरू ऊस, जुलैची म्हणजे आडसाली. सुरू ऊस सुमारे वर्षभरात तोडीला येतो आणि आडसालीला दीड वर्षाच्या आसपास लागतात. तारीख उलटली, की तोडणीच्या कार्यक्रमात तुमचा फड एका हंगामातून दुसऱ्यात जातो आणि ऊस उभ्याने वाळतो. या चुकीत आणखी एक खोच आहे. महिने बाराच असल्यामुळे १३ ते ३१ तारखांच्या ओळी संगणक अडवतो, पण १ ते १२ तारखांच्या ओळी निमूटपणे उलट्या करून घेतो. थोड्या तारखा अडल्या म्हणून बाकीच्या बरोबर आहेत, असे समजू नये.

बँक खाते घ्या. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात. एक्सेल मात्र संख्या म्हणून पंधराच आकडे लक्षात ठेवते आणि सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य घालते. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्ये असतील, तर तीही खाऊन टाकते, '००४५६' चे '४५६' होते. उपाय सोपा आहे. खाते क्रमांक ही बेरीज-वजाबाकीची संख्या नव्हे, तेव्हा तो रकाना आधीपासून अक्षरांचा म्हणून ठेवावा. हे महत्त्वाचे अशासाठी, की एन.ई.एफ.टी.चे पैसे खाते क्रमांक पाहून जमा होतात. नाव बरोबर आणि क्रमांक चुकीचा असला, तर नाव कामाला येत नाही.

आय.एफ.एस.सी. कोड घ्या. तो अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि मधले पाचवे नेहमी शून्य. पुष्कळ जण तिथे इंग्रजी 'ओ' लिहितात. हे संगणक पकडतो. पण जुना कोड पकडायला ताजी यादी लागते. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. खातेदार तोच, शाखा बहुधा तीच, पण कोड बदलले. कपाटातल्या जुन्या पासबुकावरून कोड उतरवून दिला, तर तो आज चालत नाही.

गावाचे नाव घ्या. यादीत 'पिंपळगाव' एवढेच आहे. कोणते पिंपळगाव? निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत आहे आणि पिंपळगाव निपाणीही आहे. नाशिक तालुक्यात पिंपळगाव बहुला आहे नि पिंपळगाव खांब आहे. म्हणून नावापेक्षा गावाचा संकेतांक बरा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे, त्यात गल्लत होत नाही.

शेवटी माणसाचे नाव. जुन्या याद्या ज्या मराठी टंकांत केलेल्या असत, त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरे. तो टंक नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली, की नावाच्या जागी अगम्य खिचडी दिसते. आता युनिकोड आल्यावर हा त्रास कमी झाला, तरी पुरता गेला नाही. 'बोऱ्हाडे', 'गोऱ्हे' या नावांतला अर्धा 'ऱ' संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात आणि एकाच माणसाचे दोन खातेदार होतात. म्हणून जुळणी नावावर करायची नाही, सभासद क्रमांकावर करायची. नाव फक्त खात्रीसाठी.

राज्यात काय घडले?

हा विषय आपल्या कारखान्यापुरता नाही. राज्यातल्या शेतकऱ्यांनी तो दोन कर्जमाफ्यांत पाहिलेला आहे.

२०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले. बँकांनी आपल्याकडच्या कर्जखात्यांची माहिती ६६ रकान्यांच्या नमुन्यात दिली. अर्ज एकीकडचे, खाती दुसरीकडची, आणि लाखो ओळींची जुळणी संगणकावर करायची. वर दिवाळीची घाई. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली. पण पाठोपाठ याद्यांत त्रुटी निघाल्या, फेरतपासणी करावी लागली, आणि पुष्कळ शेतकऱ्यांना 'माझे नाव यादीत आहे की नाही' हे विचारत हेलपाटे घालावे लागले.

पुढे २७ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. यात शेतकऱ्याने अर्ज करायचा नव्हता, माहिती बँकांकडूनच घेतली गेली. आणि सगळी यादी एकदम न काढता, २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली छोटी तुकडी काढली. राज्यातली ६८ गावे, १५,३५८ खाती, जिल्ह्यागणिक दोन गावे. त्यानंतर मोठ्या याद्या निघाल्या. प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक दिला, याद्या गावात लावल्या, आणि आधार प्रमाणीकरणाच्या वेळी रक्कम मान्य आहे की नाही, हे शेतकऱ्यालाच विचारले. मान्य नसेल, तर जिल्हास्तरीय समितीकडे जाण्याची वाट ठेवली.

दोन्ही योजनांच्या अटी वेगळ्या होत्या, तेव्हा सगळा फरक पद्धतीमुळेच पडला, असे म्हणणे रास्त होणार नाही. तथापि आधी लहान तुकडी, मग मोठी, आणि पैसे जाण्याआधी ज्याची नोंद त्याला दाखवणे, हा धडा घेण्यासारखा आहे. महसूल खात्यानेही संगणकावर चढवलेल्या सातबाऱ्यांच्या चुका काढण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन केले होते. तलाठ्याने वाचायचे आणि गावाने ऐकायचे. लाखो ओळी संगणक तपासतो खरा, पण 'ही विहीर माझ्या गटात नाही' हे सांगायला तो खातेदारच लागतो.

चौदा दिवसांचे गणित

आता या सगळ्यात सभासदाचे काय पणाला लागले आहे, ते पाहू. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याची किंमत मिळाली पाहिजे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. चौदा दिवस म्हणजे फार वेळ नव्हे. त्यात पावत्या एकत्र करायच्या, कपाती लावायच्या, बिल तयार करायचे, बँकेची फाईल करायची आणि पाठवायची. चुकीचा खाते क्रमांक पहिल्या दिवशी सापडला, तर एका फोनवर काम होते. तो बँकेने रक्कम परत केल्यावर सापडला, तर पुढच्या तुकडीची वाट पाहणे आले. आणि तो क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला, तर रक्कम परतही येत नाही. ती त्याच्या खात्यात जाऊन बसते आणि मग वसुलीचे दुखणे मागे लागते.

काही सभासद विचारतात, "बारा ओळी अडल्या, तर बाकीच्या ४८८ जणांनी का थांबावे?" थांबू नयेच. स्वच्छ ओळी पुढे जाव्यात आणि अडलेल्या मागे राहाव्यात, याचसाठी कच्च्या वहीत निवड होते. मात्र यात एक जोखीम आहे, हेही सांगितले पाहिजे. ४८८ जणांचे काम झाले, की सगळ्यांना वाटते काम संपले, आणि ते बारा जण विसरले जातात. बहुतेक वेळा हे बारा म्हणजे वारसाची नोंद राहिलेल्या विधवा भगिनी, नुकतेच वाटप झालेले भाऊ, किंवा बँक बदललेले म्हातारे सभासद असतात. ज्यांना हेलपाटे घालणे जमत नाही, तेच नेमके. म्हणून अडलेल्यांची यादी शून्यावर येईपर्यंत फाईल 'पूर्ण' म्हणायची नाही, हा नियम सगळ्यांत मोलाचा आहे.

आणि बेरीज जुळली म्हणजे सगळे बरोबर, असेही समजू नये. दोन सभासदांच्या रकमांची अदलाबदल झाली, तर एकूण बेरीज तीच राहते. ओळींची संख्याही तीच राहते. ही मुकी चूक कोणताही हिशोबनीस बेरजेवरून पकडू शकत नाही. ती पकडणारा एकच, ज्याची नोंद तो.

सभासदांनी एवढे करावे

१. नोंद करताना क्षेत्र मापासह सांगावे, 'दीड एकर' किंवा 'साठ आर' असे. लागवडीचा महिना अक्षरात लिहून घ्यावा. 'जानेवारी' उलटा वाचता येत नाही.

२. बँकेचा तपशील तोंडी सांगू नये. चालू पासबुकाच्या पहिल्या पानाची किंवा रद्द केलेल्या धनादेशाची प्रत द्यावी. बँक विलीन झाली असेल, तर नवे पासबुक घ्यावे.

३. आधार क्रमांक देताना बाराही आकडे पाहावेत. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर संगणक ओळखतो. पण पूर्ण बरोबर असलेला दुसऱ्याचा क्रमांक दिला, तर ओळखत नाही. घरातल्या दोघांची कार्डे एकाच पाकिटात असतात, तेव्हा हे जपावे.

४. गावाचे नाव पूर्ण लिहावे, तालुक्यासह.

५. गट कार्यालयात नोंदींची यादी लागली, की स्वतःची ओळ बोट ठेवून वाचावी. नाव, गट नंबर, क्षेत्र, तारीख नि खात्याचे शेवटचे चार आकडे पाहावेत. शेजारच्या म्हाताऱ्या सभासदाची ओळही वाचून दाखवावी. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावी आणि पोच घ्यावी.

६. "अडली आहे" असे उत्तर मिळाले, तर रागावून परत न फिरता "कोणत्या कारणाने?" असे विचारावे. कारण लिहिलेलेच असते, आणि ते सांगणे खिडकीवरच्या माणसाचे काम आहे.

सहकारात हिशोब उघडा असावा, हे आपण पहिल्यापासून मानत आलो. पूर्वी वही समोर उघडी असे, बोट ठेवून पाहता येई. आता वही यंत्राच्या पोटात गेली आहे, म्हणून बोट ठेवण्याची सवय सोडायची नाही. काट्यावर आपण वजन पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. नोंदीच्या यादीपुढेही तसेच उभे राहावे, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.